तीन-चार गुंठ्यांतली सावली : दाट वस्तीत छोटे उद्यान कसे उभे करावे

मराठवाड्यातल्या एखाद्या शहरी वसाहतीने छोटे उद्यान करायचे ठरवले, की पहिल्याच बैठकीत हिरवळ, कारंजे आणि प्रवेशद्वाराची कमान यांवर बोलणे सुरू होते. माझी विनंती अशी आहे की त्या बैठकीत आधी एकच प्रश्न घ्यावा. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, घरच्या नळालाच आठ-आठ दिवसांनी पाणी येत असताना, या जागेला पाणी कोण देणार, कोठून देणार आणि किती देणार? या प्रश्नाचे उत्तर जितक्या लिटरमध्ये मिळेल, तेवढेच उद्यान करावे. जागा किती, पैसा किती आणि नगरसेवक किती अनुकूल, या गोष्टी त्यानंतरच्या आहेत.

हे मी अनुभवावरून लिहीत आहे. आमच्या वसाहतीच्या ओपन स्पेसवर पहिल्यांदा उद्यान झाले तेव्हा निम्म्या जागेत हिरवळ, निम्म्या जागेत पेव्हर ब्लॉक आणि कडेने शोभेच्या पामची रांग होती. उद्घाटन ऑगस्टमध्ये झाल्यामुळे सगळे हिरवेगार दिसत होते. मार्चमध्ये हिरवळ पिवळी पडली, एप्रिलमध्ये तिच्याखालची काळी माती उलली, आणि मेमध्ये अशाच एका भेगेत माझ्या मुलीची शाळेची फूटपट्टी उभी गेली ती पुन्हा हाताला लागली नाही. पेव्हर ब्लॉकवर संध्याकाळी सहा वाजतादेखील अनवाणी पाय ठेववत नव्हता. दुसऱ्या वर्षी आम्ही ते बरेचसे उपटून नव्याने सुरुवात केली. पुढे जे सांगितले आहे, त्यातला मोठा भाग त्या दुसऱ्या सुरुवातीत शिकलेला आहे.

जागा : किती पुरते आणि कोणाची आहे

तीन-चार गुंठे, म्हणजे सुमारे ३,२७० ते ४,३५० चौरस फूट जागा छोट्या उद्यानाला पुरेशी असते. न्यूयॉर्कमध्ये १९६७ साली खुले झालेले पेली पार्क हे जगभर अशा उद्यानांचे उदाहरण म्हणून दाखवले जाते, आणि त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३९० चौरस मीटर, म्हणजे चार गुंठ्यांनाही थोडे कमी आहे. तीन बाजूंना उंच इमारती, चौथी बाजू रस्त्याला उघडी, वर झाडांचे छत आणि खाली उचलून हलवता येणाऱ्या खुर्च्या, असे त्याचे रूप आहे. त्यातला धबधबा आपल्याला परवडणारा नाही. मात्र झाडांचे छत आणि रस्त्याकडून दिसणारी उघडी बाजू या दोन गोष्टी आपल्याकडे आधीपासून आहेत, कारण गावातला पार हा नेमका याच दोन गोष्टींवर उभा असतो. वेशीजवळचा वड किंवा लिंब (कडुनिंब), त्याच्याभोवती बसण्याजोगा ओटा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर पडेल अशी जागा, एवढ्यावर कित्येक पिढ्यांचे दुपारचे बसणे-उठणे झाले आहे. शहरातल्या ओपन स्पेसवर आपल्याला तोच पार पुन्हा आणायचा आहे, हे डोक्यात पक्के असले म्हणजे पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

ज्या वसाहतींचे रेखांकन रीतसर मंजूर झालेले आहे, तेथे मोकळी जागा कागदोपत्री असतेच. साधारण एक एकर, म्हणजे ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या ले-आऊटमध्ये १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडावी लागते, आणि राज्याने डिसेंबर २०२० मध्ये लागू केलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतही ही तरतूद आहे. एक एकराचे १० टक्के म्हणजे चार गुंठे होतात. म्हणून महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या नगररचना विभागाकडून मंजूर रेखांकनाची प्रत मागवावी, ती टाळाटाळ करून मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा, आणि प्रत हाती आल्यावर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीचे दगड रोवून घ्यावेत. मोजणीविना घातलेले कुंपण हे शेजाऱ्याशी भांडणाचे पहिले कारण ठरते. जागा पालिकेकडे हस्तांतरित झाली आहे, की गृहनिर्माण संस्थेकडे आहे, की मूळ जमीनमालकाच्याच नावावर राहिली आहे, हेही याच वेळी कळते. तिसरी अवस्था असेल तर एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा.

गुंठेवारीच्या वस्त्यांची गोष्ट वेगळी आहे. गुंठा-दोन गुंठे करत जमीन विकली गेल्यामुळे तेथे ओपन स्पेस उरलेलीच नसते, आणि २००१ च्या गुंठेवारी कायद्याने घरे नियमित होऊ शकली तरी सोडलेली नसलेली जागा परत येत नाही. अशा वस्तीत रस्त्याच्या वळणावरचा त्रिकोण, जुन्या विहिरीभोवतीची जागा, शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या आवाराची वापरात नसलेली कड, जलकुंभाभोवतीचे आवार अशा ठिकाणांचा शोध घ्यावा. एक गुंठाही वाया घालवू नये. एक लिंब, दोन ओटे आणि पाण्याचा एक रांजण एवढे एका गुंठ्यात आरामात मावते. नाल्याच्या काठची जागा मात्र पूररेषा पाहिल्याशिवाय घेऊ नये.

मोकळ्या जागेवर डोळा ठेवणारे पुष्कळ असतात, आणि त्यांना तोंड देण्यासाठी दोन निर्णय माहीत असणे उपयोगाचे आहे. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखून ठेवलेली जागा खासगी रुग्णालयासाठी देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये टिकू दिला नाही. सप्टेंबर २००९ मध्ये याच न्यायालयाने सार्वजनिक रस्ते, उद्याने आणि इतर सार्वजनिक जागांवर विनापरवाना नवे धार्मिक बांधकाम होऊ देऊ नये, असा आदेश दिला. हा दुसरा विषय वसाहतीत नाजूक असतो. त्यामुळे तो कोणा एका समाजाकडे बोट दाखवून काढू नये, आणि सगळ्यांनी मिळून सुरुवातीलाच मान्य करावयाचा नियम म्हणून तो मांडावा, म्हणजे पुढे कोणालाही तो आपल्याविरुद्ध काढला असे वाटत नाही.

जागा पालिकेची असल्यास आयुक्तांकडे किंवा मुख्याधिकाऱ्यांकडे देखभालीसाठी लेखी अर्ज करावा आणि आवक शिक्का असलेली प्रत जपून ठेवावी. जलवाहिनी, ड्रेनेज आणि महावितरणची केबल कोठून जाते, हे त्या-त्या विभागाकडून कागदावर खूण करून घ्यावे. जागेवर आधीची झाडे असतील तर ती तशीच ठेवावीत. एखादे काढणे अगदीच अटळ असेल तर १९७५ च्या झाडांविषयीच्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते.

पाण्याचा हिशेब

छत्रपती संभाजीनगरला पाणी जायकवाडीहून उपसून वर चढवावे लागते, आणि लातूरला तर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा प्रदेशात उद्यानासाठी पिण्याच्या नळाची जोडणी मागणे मला योग्य वाटत नाही, आणि ती मिळाली तरी उन्हाळ्यात सर्वांत आधी तीच तुटते. संभाजीनगरकरांना हे वेगळे सांगायला नको, कारण मलिक अंबरच्या काळची नहर-ए-अंबरी त्यांच्या पायाखालून गेलेली आहे. डोंगराकडचे पाणी केवळ उताराने शहरात आणणारी ती व्यवस्था सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभी राहिली. वस्ती बसवताना पाणी कसे येईल याचाही विचार करणारे लोक याच भूमीत होऊन गेले आहेत.

आता आकडे पाहू. दीडशे चौरस मीटर हिरवळीला भर उन्हाळ्यात दर चौरस मीटरला रोज साधारण ५ लिटर पाणी लागते, म्हणजे रोज ७५० आणि आठवड्याला सव्वापाच हजार लिटर. याचा अर्थ दर आठवड्याला पाच हजार लिटरचा एक टँकर, आणि तरीही ती थोडी पिवळी राहतेच. याउलट तीन गुंठ्यांत १४ देशी झाडे लावली, बुडाशी आच्छादन घातले आणि प्रत्येकाला उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा २० लिटर पाणी दिले, तर आठवड्याला ५६० लिटर पुरतात. ऑक्टोबर ते जानेवारी आठवड्यातून एकदा आणि फेब्रुवारी ते मध्य जून दोनदा, असा पूर्ण कोरड्या हंगामाचा हिशेब सुमारे साडेपंधरा हजार लिटरवर जातो. हा आकडा पाहिल्यावर आमच्या बैठकीतला हिरवळीचा आग्रह आपोआप थांबला.

साडेपंधरा हजार लिटर म्हणजे ४ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि २ मीटर खोल अशी एक टाकी. शेजारच्या एका हजार चौरस फुटांच्या गच्चीवर २००-२२५ मिलिमीटर पाऊस पडला तरी ती भरते, आणि मराठवाड्याची वार्षिक सरासरी ढोबळमानाने ७०० ते ८०० मिलिमीटर असल्यामुळे अवर्षणाच्या वर्षीही एवढे पाणी बहुधा हाती लागते. म्हणून उद्यानाला लागून असलेल्या एका घराची किंवा सभागृहाची गच्ची आधी मिळवावी. घरमालकाशी तोंडी न बोलता दोन ओळींचे संमतिपत्र लिहून घ्यावे, कारण घर विकले गेले की पाइप काढला जातो. पावसाळ्याचे पहिले एक-दोन पाणी धूळ-पाला वाहून जाण्यासाठी बाहेर सोडावे आणि नंतरचे पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून टाकीत घ्यावे. टाकी शेवटच्या चांगल्या पावसात, सप्टेंबरअखेर काठोकाठ भरलेली असेल याची काळजी घ्यावी.

काळ्या जमिनीत भूमिगत टाकी बांधायची असेल तर लोखंडी सळयांचे काँक्रीटच हवे, कारण पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात आकसणारी ही माती विटांच्या भिंतीला तडे पाडते. एवढा खर्च झेपत नसेल तर पाच हजार लिटरच्या तीन प्लास्टिकच्या टाक्या कोपऱ्यात मुरमाच्या पक्क्या ओट्यावर ठेवाव्यात. टाकी कोणतीही असो, तिचे झाकण घट्ट बसले पाहिजे आणि हवेच्या नळीला बारीक जाळी हवी. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

घरांतले आंघोळीचे सांडपाणी वापरायचा मोहही होतो. एखाद्या शेजारच्या घराचे असे पाणी कर्दळ आणि केळीच्या वाफ्यातून मुरवून घेणे शक्य आहे, पण ते कोठेही साचता कामा नये आणि त्यात शौचालयाचा पाइप जोडलेला नाही, हे स्वतः पाहून घ्यावे. घरातल्या पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी झाडांना नेहमी देऊ नये. त्यात क्षार एकवटलेले असतात आणि आपल्या चिकण जमिनीत ते साठत जातात.

सावली कोठे पडते

मे महिन्याच्या मध्याला आपल्या भागात सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, त्यामुळे त्या वेळी भिंतीची किंवा इमारतीची सावली जवळपास नाहीशी होते. म्हणजे दुपारी सावली देऊ शकते ते फक्त वरचे छत. संध्याकाळी चार ते सहा, जेव्हा लेकरे आणि म्हातारी माणसे बाहेर पडू लागतात, तेव्हा ऊन पश्चिमेकडून आणि थोडे वायव्येकडून तिरके येते. म्हणून मोठी झाडे पश्चिम आणि वायव्य कडेला घ्यावीत व बसण्याच्या जागा त्यांच्या पूर्वेला ठेवाव्यात. आराखडा काढण्यापूर्वी एप्रिल-मेमधल्या एका दिवशी सकाळी आठ, दुपारी बारा, चार आणि सहा अशा चार वेळा त्या जागेवर जाऊन, इमारतींच्या सावल्या चुन्याने आखाव्यात. वास्तुविशारदाच्या कोणत्याही रेखाटनापेक्षा त्या चुन्याच्या रेघा अधिक उपयोगी पडतात.

झाड निवडताना ते फुलते कसे यापेक्षा, उन्हाळ्यात त्याच्या अंगावर पाने असतात का, हे आधी पाहावे. लिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ उरकतो आणि एप्रिलपर्यंत नव्या पालवीने भरतो. करंजाची गर्द, थंड सावली तर नेमकी ऐन उन्हाळ्यात उपलब्ध असते. मराठवाड्याच्या छोट्या उद्यानात हे दोन वृक्ष प्रमुख असावेत, असे माझे ठाम मत आहे. बहावा एप्रिल-मेमध्ये पिवळ्या झुंबरांनी लगडतो पण तेव्हा त्याला पाने फारशी नसतात, पळस त्याआधीच निष्पर्ण होऊन फुललेला असतो. दोघेही जरूर लावावेत, मात्र सावलीच्या हिशेबात त्यांना धरू नये आणि ओटा त्यांच्याखाली बांधू नये. बकुळ सदाहरित आहे आणि त्याची सावली दाट असते, पण तो सावकाश वाढतो. म्हणून तो लावताना आपल्या नातवंडांचा विचार करावा. बेल, कवठ, आपटा आणि कांचन ही कमी पाण्यावर तग धरणारी आणि मध्यम उंचीची झाडे वीजवाहिन्यांच्या बाजूला लावण्यास सोयीची आहेत. अर्जुन आणि जांभूळ यांना पाण्याची ओढ असल्यामुळे त्यांची जागा नाल्याकाठी. वड, पिंपळ आणि उंबर हे पाराचे खरे धनी आहेत, परंतु तीन गुंठ्यांत त्यांच्या मुळ्या शेजारच्या पायापर्यंत पोहोचतात. जागा चार गुंठ्यांहून मोठी आणि एका बाजूला घरे नसतील तरच यांपैकी एक घ्यावा. त्याखाली वटपौर्णिमाही होईल आणि दुपारचे बसणेही.

गुलमोहराबद्दल लोकांना माया असते हे मला माहीत आहे. परंतु त्याची मुळे उथळ असतात, लाकूड ठिसूळ असते आणि मेमधल्या वादळी पावसात तो फांद्यांसह खाली येतो. मुले खेळतात त्या जागी तो नको. कोनोकार्पस आणि निलगिरी मुळीच घेऊ नयेत. कण्हेर पाण्याशिवाय जगते म्हणून सगळीकडे लावली जाते, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि लहान मुले काहीही तोंडात घालतात. त्याऐवजी जास्वंद, पारिजातक आणि मेंदी घ्यावीत. रोपे सामाजिक वनीकरणाच्या किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत मिळू शकतात. रोप सहा-आठ फूट उंच, सरळ खोडाचे असावे, आणि पिशवीच्या तळातून बाहेर आलेल्या मुळांचा गुंता झालेला नसावा.

खड्डे एप्रिल-मेमध्येच खणून उन्हात तापू द्यावेत. आमच्याकडे ३ × ३ × ३ फुटांचा खड्डा चालला. काळ्या मातीत खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत राहिल्या तर पावसाळ्यात तो हंड्यासारखा भरतो आणि मुळे कुजतात, म्हणून भिंती कुदळीने खरवडून घ्याव्यात आणि तळाशी फुटलेल्या विटा किंवा मोठा मुरूम घालावा. भरणीत निम्मी मूळ माती, पाव भाग मुरूम आणि पाव भाग चांगले कुजलेले शेणखत, वरून किलोभर निंबोळी पेंड. निव्वळ तलावाचा गाळ आणून भरण्याची चूक करू नये. तो सुपीक असतो पण फार चिकट असतो. लागवड पहिले एक-दोन दमदार पाऊस होऊन जमीन खोलवर भिजल्यावर करावी. मृगाच्या पहिल्या सरीवर घाई केलेली रोपे पुढच्या उघडिपीत माना टाकतात, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही, शहरातल्या उत्साही मंडळींना सांगावे लागते.

आच्छादनासाठी विकतचे काही आणण्याची गरज नाही. सोयाबीनचे भुसकट, तुरीच्या बारीक केलेल्या काड्या, उसाचे पाचट यांपैकी जे ओळखीच्या शेतकऱ्याकडून मिळेल ते चार बोटे जाडीचे, खोडापासून वीतभर दूर पसरावे. आच्छादन आणि उघडी माती यांतला फरक समजून घ्यायचा असेल तर पाणी दिल्यानंतर चौथ्या दिवशी दोन्हींत बोट घालून पाहावे. एका ठिकाणी पेरापर्यंत ओल लागते, दुसऱ्या ठिकाणी नखही शिरत नाही.

बसणे, चालणे, खेळणे

आराखड्याआधी आम्ही घरोघरी विचारत फिरलो तेव्हा एका आजींनी सांगितले, “लेकरायला झोके बांधा, पण आम्हाला टेकायला आधी पार करा.” पुष्कळ उद्यानांत हेच उलटे होते. खेळणी, व्यायामाची यंत्रे आणि पुतळे येऊन बसतात, आणि माणसाला टेकायला दोन सिमेंटचे बाक उरतात, तेही उन्हात.

ओट्याची उंची दीड फूट आणि खोली तेवढीच असावी. गुडघे दुखणाऱ्या माणसाला यापेक्षा खाली बसले की उठता येत नाही, म्हणून निदान दोन जागांना पाठ आणि हाताचा आधार द्यावा. आपल्या शहरांत जुने वाडे पाडले जात आहेत आणि त्यांचे घडीव काळे दगड, उंबरठे, पायऱ्या भंगारासारख्या विकल्या जातात. ओट्यासाठी तेच मिळवावेत. आमच्या एका ओट्याला अशाच वाड्याची पायरी आहे, तिच्या मधोमध पावलांनी झिजून खळगा पडला आहे, आणि मुले त्यात चिमण्यांसाठी पाणी ओततात.

महिलांना स्वतंत्रपणे, पुरुष समोर नसताना विचारावे. आमच्याकडे त्यांच्या वेळा संध्याकाळी पाच ते साडेसहा आणि रात्री जेवणे उरकल्यानंतर नऊ ते दहा अशा निघाल्या. पत्ते खेळणारी मंडळी प्रवेशद्वाराशीच बसत असल्यामुळे त्यांना आत येणे नकोसे वाटत होते, हेही तेव्हाच कळले. त्यानंतर बसण्याच्या जागा दोन ठिकाणी विभागल्या आणि प्रवेशद्वाराजवळचा ओटा काढून टाकला. लातूर किंवा नांदेडसारख्या शिकवण्यांच्या शहरांत वसतिगृहांत राहणारी मुले-मुलीही अशा जागेत वाचत बसतात, त्यांच्यासाठी एका ओट्याजवळ चांगला दिवा हवा. दिवे माणसाच्या दुप्पट उंचीपेक्षा फार वर नेऊ नयेत, नाहीतर झाड मोठे झाल्यावर सगळा उजेड पानांच्या वरच राहतो.

पायवाट चार फूट, शक्य तर पाच फूट रुंद ठेवावी आणि रस्त्यावरून आत येताना उंबरठा किंवा पायरी न ठेवता १२ फुटांना १ फूट असा उतार द्यावा. पेव्हर ब्लॉकचा आग्रह धरणारा कंत्राटदार भेटतोच. त्याला शांतपणे नकार द्यावा. काळी माती दोन फूट काढून, मुरूम थरावर थर घालून, पाणी मारून आणि धुम्मस करून केलेली पायवाट स्वस्त पडते, कमी तापते आणि पाऊस आत मुरू देते. फरशी हवीच असेल तर शहाबादी, तीही सांधे सिमेंटने न भरता.

मुलांसाठी फार काही लागत नाही. एक झोका, एक घसरगुंडी, चढायला एक आडवे ओंडके असलेली चौकट आणि वाळू पुरते. लोखंडी घसरगुंडी उन्हात चटका देते, म्हणून ती झाडाच्या पूर्वेला घ्यावी. खेळण्यांखाली काँक्रीट अजिबात नसावे, तेथे फूटभर जाड वाळूचा थर हवा आणि तो महिन्यातून एकदा उकरून साफ करावा.

एक कोपरा मुद्दाम रिकामा ठेवावा, वीस फूट लांब-रुंद, नुसत्या मुरमाचा. गणपती, भीमजयंती, हळदीकुंकू, एखाद्या घरचे छोटे कार्य यांसाठी मंडप लागतोच, आणि जागा नसेल तर मंडपाच्या दोऱ्या झाडांना आणि खुंट्या मुळांत जातात.

कुंपण कमरेएवढेच असावे. उंच भिंतीमुळे आत काय चालले आहे ते कोणाला दिसत नाही, आणि जेथे दिसत नाही तेथे बाटल्या जमू लागतात. मोकाट गुरांसाठी दरवाजाऐवजी असा वाकडा प्रवेश करावा, की माणूस वळून आत जाईल पण गाय वळू शकणार नाही. चाकाच्या खुर्चीसाठी बाजूला एक रुंद फाटक ठेवावे, आणि त्याची किल्ली समोरच्या घरी असल्याचे फलकावर लिहावे. शेळ्या मात्र वाकड्या वाटेलाही जुमानत नाहीत, त्यासाठी पहिली तीन वर्षे प्रत्येक रोपाला स्वतंत्र जाळी लागते.

पहिले तीन उन्हाळे

पैसा आमदार निधीतून, पालिकेच्या तरतुदीतून, माझी वसुंधरा अभियानासारख्या उपक्रमाच्या निमित्ताने किंवा वर्गणीतून उभा राहतो. तो कोठूनही येवो, त्यातला निदान एक तृतीयांश पहिल्या तीन उन्हाळ्यांसाठी बाजूला ठेवावा. बहुतेक उद्याने बांधकामाच्या खर्चात संपतात आणि पाणी घालणाऱ्याच्या पगारापाशी येऊन मरतात.

पाण्याची जबाबदारी “वसाहत” घेईल असे कधीही म्हणू नये. १४ झाडे असतील तर सात घरे शोधावीत आणि प्रत्येक घराच्या नावावर दोन झाडे लिहावीत. आम्ही टाकीच्या झाकणाजवळ एक वही दोरीने बांधून ठेवली होती. पाणी घातले की तारीख आणि सही, एवढेच. मे महिन्यात कोणाचे घर गावी गेले तर जाण्याआधी त्यांनी दुसऱ्याचे नाव वहीत लिहायचे, हा एकच नियम होता. पहिल्या उन्हाळ्यात दोन झाडे वाळली, आणि दोन्ही झाडांच्या रकान्यात लग्नसराईचे तीन आठवडे कोरे होते.

पाणी देण्यासाठी ठिबक चांगलेच, विशेषतः ओळखीच्या शेतकऱ्याकडे जुन्या नळ्या पडून असतील तर. तासाला ४ लिटर सोडणारे दोन ड्रिपर प्रत्येक झाडाला लावले तर अडीच तासांत २० लिटर होतात. टाकी जमिनीखाली असेल आणि पंप नको असेल तर मडकी पुरावीत. बुडाला बारीक छिद्र पाडून त्यात सुती चिंधीची वात घातलेले दहा लिटरचे मडके खोडापासून दीड फुटावर गळ्यापर्यंत पुरायचे आणि तोंडावर फरशीचा तुकडा ठेवायचा. झाडाजवळ अशी दोन मडकी असली म्हणजे आठवड्यातून दोनदा ती भरणे एवढेच काम राहते, आणि ते काम दहा वर्षांचे मूलही आनंदाने करते.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर पाणी एकदम न तोडता अंतर वाढवत न्यावे, म्हणजे मुळे ओलीच्या शोधात खोल जातात. खालच्या फांद्या डोक्याच्या उंचीपर्यंत हळूहळू, दरवर्षी थोड्या, हिवाळ्यात काढाव्यात. तिसऱ्या उन्हाळ्याअखेर बहुतेक लिंब आणि करंज स्वतःच्या बळावर उभे असतात, आणि त्याच वेळी आधाराच्या काठ्यांच्या सुतळ्या व लोखंडी जाळ्या काढण्याचे काम न विसरता करावे लागते. रस्त्याकडेला अशी कितीतरी झाडे दिसतात, ज्यांच्या सालीने जाळीची तार गिळलेली असते आणि त्या जागी खोड कायमचे आवळलेले असते. जाळी काढताना कातर आणि करवत दोन्ही सोबत न्याव्यात, आणि साल आधीच तारेवर चढलेली असेल तर तार ओढून काढू नये. दोन्ही बाजूंनी कापून मधला तुकडा आतच राहू द्यावा.